देव म्हणजे फक्त बॅटरी?

एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळांत (रोल-प्लेइंग गेम्स) क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा पुजारी, असं एक पात्र असतं. 'क्लेरिक म्हणजे मलमपट्टीचं यंत्र आणि देव म्हणजे त्याची बॅटरी' असं काही खेळाडू म्हणतात, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापुरतं ते बरंचसं पटतं. रात्रभर झोप काढली की सकाळी मंत्र परत हजर, मग देव कोणता का असेना! पण हा दोष देवांचा नाही, त्या खेळाच्या नियमांच्या हिशेबाचा आहे. 1978 मध्ये आलेला 'रुनक्वेस्ट' हा अशाच प्रकारचा दुसरा खेळ बघा. त्यातल्या ग्लोरँथा जगात दैवी जादू ही पुजाऱ्यांची मक्तेदारी नाही. शेतकरी, धनगर, सैनिक, सगळेच कुठल्या ना कुठल्या पंथातले. मंत्र हवा तर स्वतःच्या आत्मबळाचा (पॉवरचा) एक गुण देवाला कायमचा वाहायचा. 2018 च्या आवृत्तीत तर खर्चलेली दैवी शक्ती भरून यायला पूजेला हजेरी लावावी लागते, आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथाचा. थोडक्यात, नवस बोललात तर फेडा.

आमच्या रविवारच्या खेळात मैत्रिणीने चलाना अरॉय या उपचारदेवीची भक्तीण घेतली होती. शपथ अशी की कुणाला इजा करायची नाही. आम्ही ज्या दरोडेखोराला अर्धमेला केला, त्याच्याच जखमेवर ही हात ठेवून बसली! आम्ही फासे हातात धरून नुसते बघत राहिलो. अर्धा तास भांडण. दरोडेखोर अर्थातच पळाला, वर माझं खेचरही घेऊन गेला. पण त्या दिवशी ती देवी टेबलावर खरोखर होती.