एसएटीचा स्कोअर पाठवायचा की नाही?

नमस्कार मंडळी,
लेकराला एसएटीत (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १४३० आहेत: गणित ७८०, इंग्रजी ६५०. परीक्षा ऐच्छिक असलेल्या (स्कोअर पाठवणे बंधनकारक नसलेल्या) काही कॉलेजांचा छापलेला पट्टा, म्हणजे प्रवेशितांतल्या मधल्या निम्म्या मुलांचे गुण कुठून कुठपर्यंत, याच्या वर आहे. स्कोअर झाकून ठेवावा का? जाणकारांनी सांगावे.

---

ताई, आधी यादी तपासा. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेकनेही तेच ठरवले. तिथे झाकायचा प्रश्नच नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश देताना स्कोअर बघतच नाही.

खरा घोळ ऐच्छिक कॉलेजांत आहे. तो पट्टा सगळ्या प्रवेशितांचा नसतो, ज्यांनी स्कोअर पाठवला त्यांचाच असतो. कमी गुणवाले पाठवत नाहीत, म्हणून पट्टा दरवर्षी वर सरकतो आणि तो बघून आणखी मुले मागे हटतात. कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेज दरवर्षी छापते ती आकडेवारी) उघडा, सी-९ विभागात किती टक्क्यांनी स्कोअर दिला ते सापडेल. शंभरातल्या चाळीसांनीच दिला असेल, तर पट्टा त्या चाळिसांचा. शेजारी कोविडपूर्वीचा, २०१९-२०चा तक्ता ठेवा आणि मगच ठरवा.

शाळेचाही विचार करा. ज्या शाळेत १२०० म्हणजे फार झाले, तिथला १४३० उठून दिसतो. डार्टमथच्या अभ्यासात नेमके हेच निघाले: कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांनी १४००च्या आसपासचे स्कोअर झाकले, ते पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. याचे फार वाईट वाटते.

---

वरच्या उत्तरात थोडी भर. वेळ असेल तर पुन्हा बसवा, पण तयारी फक्त इंग्रजीची. बरीच कॉलेजे वेगवेगळ्या तारखांचे विभागवार सर्वोत्तम गुण जोडतात (सुपरस्कोअर), म्हणजे ७८० हातचे. प्रत्येक कॉलेजचा नियम मात्र वाचा.

डिजिटल परीक्षेत इंग्रजीचे दोन मॉड्यूल (भाग), प्रत्येकी २७ प्रश्न, ३२ मिनिटे. पहिले बरे गेले तरच दुसरे अवघड येते. सोपे आले की वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणून पहिल्यात घाई नको. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नये. सराव ‘ब्लूबुक’वरच (परीक्षेच्या अधिकृत ॲपवर) करावा.

आणि चार कॉलेजांना गुणांचा अधिकृत रिपोर्ट फुकट जातो, ती कॉलेजे निकाल दिसण्याआधीच निवडावी लागतात, परीक्षेनंतर नऊ दिवसांत. त्यांत ऐच्छिक कॉलेज घालू नका, नाहीतर स्कोअर झाकायची सोय राहत नाही. पुष्कळ कॉलेजांना अर्जात स्वतः भरलेले गुण चालतात, अधिकृत रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर द्यायचा.