सगळे कुरव सारखे नसतात

कुरव (सीगल) म्हणजे किनाऱ्यावरचा उकिरडा साफ करणारा पक्षी, बाकी सगळे एकसारखेच, असं म्हटलं जातं. पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसरा मात्र पटला नाही. कुरवांच्या सुमारे 50 जाती आहेत आणि त्यांच्या सवयींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गॅलापागोस बेटांवरचा दुभंगलेल्या शेपटीचा कुरव रात्री शिकार करतो, तीही खुल्या समुद्रात माकुळ आणि मासे पकडून. करडा कुरव तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात घरटं करतो! पिलांसाठी अन्न मात्र समुद्रावरूनच आणावं लागतं, म्हणजे रोजची केवढी ये-जा. किटीवेक नावाचा कुरव कड्यांवर घरटी करतो आणि हिवाळा भर समुद्रात काढतो, उकिरड्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही.

कुरवांच्या जाती ओळखताना गोंधळ होतो हे मान्य. मोठ्या जातींना प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात, तोवर दरवर्षी रूप बदलतं. एकाच जातीचे दोन पक्षी वेगळ्या जातींचे वाटले तर नवल नाही.

चोरटेपणाबद्दल बोलायचं तर कुरव पफिन नावाच्या समुद्रपक्ष्याच्या चोचीतले मासे पळवतात, हे खरंच. पण स्कुआ नावाचे पक्षी त्याच कुरवांचा पाठलाग करून त्यांचा घास हिसकावतात. आणि हो, खारं पाणी पिऊनही कुरवांचं भागतं, कारण जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून नाकपुड्यांवाटे बाहेर टाकलं जातं.