एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट कशासाठी?

प्रश्न :
मी नुकताच एक शर्यतींचा गेम विकत घेतला. त्यात मी संगणकाच्या गाड्यांविरुद्ध एकटाच खेळतो. तरीही परवा शेवटच्या फेरीत पहिल्या क्रमांकावर असताना राउटर बंद पडला, पडद्यावर 'सर्व्हरशी संपर्क तुटला' अशी सूचना आली आणि गेमने मला थेट मुख्य मेनूवर आणून सोडले. अर्ध्या तासाची मेहनत वाया गेली. सगळ्या फायली माझ्याच डिस्कवर असताना असे का व्हावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ :
सगळ्या फायली आपल्या डिस्कवर नसतात, हीच यातली मेख आहे. अशा गेममध्ये आपली प्रगती, मिळवलेल्या वस्तू आणि गेममधले चलन यांची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. चोरीच्या प्रती आणि फसवेगिरी रोखण्यासाठी हे आवश्यक आहे, असे कंपन्या सांगतात आणि अनेकांनी मिळून खेळायच्या गेमपुरते ते मला पटतेही. पण 'डायब्लो ३' हा गेम आठवून पाहा. मे २०१२ मध्ये तो पीसीवर आला तेव्हा पैसे मोजलेल्या असंख्य खेळाडूंना लॉगिनच्या जागी सर्व्हरवर जागा नसल्याची 'एरर ३७' ही सूचना एवढेच दिसत होते. पुढच्याच वर्षी तो कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) आला आणि तिथे मात्र इंटरनेटशिवाय व्यवस्थित चालला. म्हणजे ती तांत्रिक गरज नव्हती, तो कंपनीने घेतलेला निर्णय होता.

प्रतिसाद २ :
'सिमसिटी' या शहर वसवण्याच्या गेमचेही तेच झाले. मार्च २०१३ मध्ये सर्व्हर कोलमडले, तेव्हा शहराची बरीचशी आकडेमोड सर्व्हरवरच होते असे कंपनीने सांगितले होते. वर्षभराने त्याच कंपनीने ऑफलाइन खेळण्याची सोय दिली.

प्रतिसाद ३ :
तुटलेली शर्यत पुन्हा खेळता येते, पण बंद झालेला सर्व्हर परत येत नाही आणि मला खरी काळजी त्याची वाटते. २०१४ सालच्या 'द क्रू' या शर्यतींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. त्याचा बराचसा भाग एकट्याने खेळता येण्याजोगा असूनही, ज्यांच्याकडे त्याची डिस्क आहे त्यांनासुद्धा तो सुरू करता येईनासा झाला. त्यानंतर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातील तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे या मोहिमेचे म्हणणे नाही. सर्व्हर बंद करताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून जा, इतकेच तिचे मागणे आहे. विकत घेतलेल्या वस्तूबाबत ही अपेक्षा मला अत्यंत रास्त वाटते.

आपल्याला एक उपाय सुचवतो. स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास परतावा मिळतो. म्हणून नवा गेम घेतल्यावर पहिल्या तासातच खेळता खेळता इंटरनेट तोडून पाहावे, प्रगती सेव्ह होते का ते तपासावे, आणि मग गेम बंद करून इंटरनेटशिवाय पुन्हा सुरू होतो का हेही पाहावे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. या गेममध्ये माझे दोन तास केव्हाच उलटून गेले आहेत, त्यामुळे परताव्याचा मार्ग बंद आहे. मात्र याच मालिकेतला एक जुना भाग माझ्याकडे आहे. आज राउटर बंद करून तो सुरू केला, तर माझी सगळी जुनी प्रगती जागच्या जागी होती.