स्कोपवर १/४ एमओए लिहिलंय, पण २५ आणि १० मीटरला क्लिकचा हिशोब का जुळत नाही?

कर्वेनगर_२२

क्लबची .२२ रायफल, त्यावर ३-९x४० स्कोप (झूम ३ ते ९, पुढचं भिंग ४० मि.मी.). टरेटच्या (नेम सरकवायच्या फिरत्या बटणाच्या) टोपीवर "१ क्लिक = १/४ एमओए" असं छापलंय. स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून ४० मि.मी. वर. गोळी स्टँडर्ड व्हेलॉसिटी, डब्यावर ३२५ मी./से. बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी आणणं) नीट झालंय, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मध्यावर बसतात.

तोच झिरो ठेवून २५ मीटरला मारलं तर ग्रुप १२ मि.मी. वर. १२ मि.मी. म्हणजे अर्धा इंच, क्लिक पाव इंचाचा, म्हणून २ क्लिक खाली दिले. ग्रुप जेमतेम साडेतीन मि.मी. उतरला. १० मीटरला तर सगळं उलटं, तिथे ग्रुप १२ मि.मी. खाली लागतो. अंतर कमी झाल्यावर गोळी वर लागायला हवी ना? स्कोप खराब आहे का? आणि झूम ९ वरून ४ वर आणला तर क्लिकची किंमत बदलते का?

मिनिट_आणि_मिल

स्कोप खराब नाही. तुमचे तिन्ही आकडे जसे यायला हवेत तसेच आलेत.

टरेट फिरवला की आतली नळी किंचित तिरकी होते. क्लिक म्हणजे तेवढा कोन, मिलिमीटर नव्हे. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. "पाव इंच" ही त्या कोनाची १०० यार्डांवरची रुंदी, आणि तीही गोळाबेरीज करून सांगितलेली. कोन तोच राहतो, त्याची रुंदी अंतराच्या प्रमाणात बदलते. मीटरमध्ये एवढं पाठ ठेवा: १/४ एमओएचा एक क्लिक दर मीटरला ०.०७२७ मि.मी. सरकवतो. म्हणजे

१० मीटरला ०.७३ मि.मी.
२५ मीटरला १.८ मि.मी.
५० मीटरला ३.६ मि.मी.
१०० मीटरला ७.३ मि.मी.

तुम्ही २५ मीटरला २ क्लिक दिलेत, ग्रुप ३.६ मि.मी. उतरायला हवा होता आणि तेवढाच उतरला. १२ मि.मी. उतरवायला १२ ÷ १.८२ = ६.६, म्हणजे ७ क्लिक लागतील. सूत्र नेहमी हेच: किती मि.मी. हलवायचंय, त्याला अंतर (मीटर) गुणिले ०.०७२७ ने भागा.

आता १० मीटरचं कोडं. गोळी नजरेच्या रेषेवरून निघत नाही, ४० मि.मी. खालून निघते. ५० मीटरला झिरो करताना दोन गोष्टी भरून काढाव्या लागतात: ही ४० मि.मी. आणि तिथवर पडणारी गोळी. ३२५ मी./से. वेगाला ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात गोळी साधारण १२५ मि.मी. पडते. एकूण १६५ मि.मी., म्हणजे बॅरल नजरेच्या रेषेला दर मीटरला ३.३ मि.मी. वर रोखलेलं असतं. आता हेच दोन्ही अंतरांना लावा.

१० मीटरला बॅरलची रेषा ३३ मि.मी. चढली, गोळी ५ पडली, सुरुवातीची तूट ४०. उत्तर: १२ मि.मी. खाली.
२५ मीटरला रेषा ८२ चढली, गोळी ३० पडली, तूट ४०. उत्तर: १२ मि.मी. वर.

गोळी नजरेची रेषा पहिल्यांदा १५-१६ मीटरच्या आसपास ओलांडते, ३३ मीटरच्या सुमारास सर्वांत वर म्हणजे १६ मि.मी. असते, आणि ५० ला पुन्हा रेषेवर येते. "जवळ म्हणजे वर" हे त्या पहिल्या छेदाच्या पुढेच खरं. त्याच्या अलीकडे स्कोपची उंचीच सगळं ठरवते.

म्हणून ५० च्या झिरोपासून २५ मीटरला ७ क्लिक खाली, १० मीटरला १६ क्लिक वर. २५ वरून थेट १० ला गेलात तर २३ क्लिक वर. हे कागदावरचे आकडे आहेत. तुमच्या बॅरलला एखाद-दोन क्लिक इकडेतिकडे होतील, ते मारून पक्के करा आणि स्टॉकवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

झूमने क्लिकची किंमत बदलत नाही. बदलते ती रेटिकलवरच्या (स्कोपमधल्या क्रॉसवरच्या) खुणांची, तीसुद्धा खुणा सेकंड फोकल प्लेनवर असतील, म्हणजे झूमबरोबर लहान-मोठ्या होत नसतील तर. ३-९ स्कोप बहुतेक तसेच असतात. ९ वर दोन ठिपक्यांतलं अंतर १ मिल (दर मीटरला १ मि.मी. भरणारा कोन) असेल तर ४.५ वर तेच २ मिल भरतं. टरेट न फिरवता खुणांनीच नेम वर-खाली धरणार (होल्ड घेणार) असाल तर झूमची रिंग एका आकड्यावर पक्की ठेवा.

धनकवडी_प्रोन

वरचा हिशोब बरोबर आहे, पण १० मीटरच्या ग्रुपवर विश्वास ठेवण्याआधी पॅरालॅक्स बघा, म्हणजे डोळा हलला की क्रॉस टार्गेटवर सरकल्यासारखा दिसणं. स्कोप ठरावीक अंतरावर पॅरालॅक्स नसेल असे बसवलेले असतात: .२२ साठी केलेले साधारण ५० यार्डांवर, मोठ्या रायफलींचे १०० यार्डांवर. १०० मीटरवर बसवलेल्या ४० मि.मी. भिंगाच्या स्कोपमधून २५ मीटरवर बघताना डोळा अगदी कडेला गेला, तर चूक १५ मि.मी. पर्यंत जाऊ शकते. १० मीटरला १८. म्हणजे तुम्ही जे १२ मि.मी. क्लिकने सुधारताय, तेवढी चूक नुसत्या गालाच्या जागेने होऊ शकते.

तपासायचं असं: रायफल सँडबॅगवर पक्की बसवा, बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये. रायफलला हात न लावता डोळा वर-खाली हलवा. क्रॉस टार्गेटवर सरकताना दिसला तर पॅरालॅक्स आहे. पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फोकसची रिंग असेल तर सरकणं थांबेपर्यंत ती फिरवा. तिच्यावर छापलेल्या अंतरापेक्षा डोळ्याला दिसतं ते खरं मानावं. रिंगच नसेल तर गाल दर वेळी त्याच जागी टेकवणं एवढाच उपाय.

आणि एक, नवीन मुलं इथे वाचतात म्हणून: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत स्कोप चालत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेने कांस्य मिळवलं तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार पीप साइटने (बारीक भोकातून नेम धरायच्या साइटने) खेळतात. पीपच्या क्लिकचा कोन साइट किती लांब बसवलीय त्यावरही ठरतो, म्हणून स्कोपचे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका. गोळ्यांचे लॉट तपासायला किंवा सरावाला स्कोप उत्तम.

कर्वेनगर_२२

दोघांचेही आभार. दोन शंका राहिल्या. रोज ५० मीटरची लेन मिळत नाही. १० मीटरला झिरो करून ५० चे क्लिक हिशोबाने दिले तर चालेल का? आणि मीटरच्या रेंजवर मिलचा स्कोप घेणं जास्त बरं का?

मिनिट_आणि_मिल

पहिल्याचं उत्तर: नाही, चालणार नाही. १० मीटरला ग्रुपचा मध्य काढताना १ मि.मी. चुकलात तर ५० ला ते ५ मि.मी. होतं. ५० मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मि.मी. आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त रिंग तिथेच गेली. त्यात पॅरालॅक्स आणि स्कोपच्या उंचीचं मोजमाप मिळवा. १० मीटरला फक्त कागदावर आणा, झिरो ५० लाच करा.

मिल सोपं आहे यात वाद नाही. ०.१ मिलचा क्लिक दर मीटरला ०.१ मि.मी.: ५० ला ५, २५ ला २.५, १० ला १. तोंडी हिशोब होतो. पण तो क्लिक मोठा आहे. ५० मीटरवर ५ मि.मी. चे टप्पे कागदावरच्या झिरोसाठी मला जाड वाटतात. तिथे १/४ किंवा १/८ एमओएच बरा. हातातला स्कोप त्यासाठी बदलू नका. घेणारच असाल तर टरेट आणि रेटिकल एकाच मापात हवेत. टरेट एमओए आणि रेटिकल मिल असेल तर दर वेळी ३.४४ ने गुणाकार करत बसावं लागतं.

सिंहगडरोड_बेंचरेस्ट

तुमचा क्लिक खरंच १/४ एमओए आहे का, हे अजून कुणी तपासायला सांगितलं नाही. स्वस्त स्कोपवर छापलेला आकडा गृहीत धरू नका.

५० मीटरला उंच कागद लावा, ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मारा. खालच्या ठिपक्यावर पाच गोळ्या. मग ४० क्लिक वर देऊन, नेम त्याच ठिपक्यावर ठेवून पाच गोळ्या. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजा. खरे १/४ एमओए असतील तर १४५ मि.मी. येईल. १३९ च्या जवळ आलं तर तुमचा स्कोप १०० यार्डांना सरळ पाव इंच धरून बनवलाय; मग ०.०७२७ ऐवजी ०.०६९ वापरा. दोन्हींपेक्षा वेगळं काही आलं तर मोजलेले मि.मी. भागिले २०००, तोच तुमचा आकडा. मग ४० क्लिक परत खाली या आणि पुन्हा पाच मारा. ग्रुप पहिल्या जागी आला नाही तर टरेट परतताना ढिला पडतोय. अशा स्कोपला हवं त्यापेक्षा ८-१० क्लिक पुढे जाऊन मागे यायचं, म्हणजे नेहमी एकाच दिशेने येऊन थांबायचं.

याच कागदावर दुसरी चूकही पकडता येते. वरचा ग्रुप रेघेच्या डावी-उजवीकडे गेला तर रेटिकल तिरकं बसलंय किंवा रायफल कलते आहे. ५ अंश कललं तर ५० मीटरला ११ मि.मी. बाजूला जातं, म्हणजे एका रिंगपेक्षा जास्त, आणि लोक वाऱ्याला दोष देत विंडेज (डावी-उजवीकडचा टरेट) फिरवत बसतात. रिंगचे स्क्रू सैल करा, ओळंब्याच्या दोरीशी उभा क्रॉस जुळवा, मग स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, साधारण २ न्यूटन-मीटर. रिंगवर वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

पुण्याची ५६० मीटर उंची गोळीचा मार्ग काढणाऱ्या ॲपमध्ये भरलीत काय, नाही काय, ५० मीटरला फरक एका मि.मी.च्या आत. वेग मात्र महत्त्वाचा. लॉट बदलून किंवा थंडीच्या सकाळी वेग १० मी./से. कमी पडला, तर ५० ला ग्रुप सुमारे ८ मि.मी. खाली येतो, म्हणजे २ क्लिक. जानेवारीतला झिरो एप्रिलमध्ये परत तपासावाच लागतो.

सगळं जुळलं की टरेटच्या टोपीचा छोटा स्क्रू सैल करून टोपी ० वर आणा आणि घट्ट करा. तुमच्या टोपीला तशी सोय नसेल तर एका टोकापासून किती क्लिकवर झिरो आहे ते मोजून लिहा. मात्र टोक आलं की थांबा, जोर लावू नका, आतली स्प्रिंग बिघडते.