मदत हवी आहे: गौरीजेवणाला एकीला गहू चालत नाही, एकीला दाणे. ताट कसं बसवू?

ओटा_आवरा
परवा गौरीजेवण, १८ पानं. नणंदेला गहू बंद आहे आणि भाचीला दाणे चालत नाहीत. बाकी सगळं चालतं. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूचं फतफतं, पंचामृत, काकडीची कोशिंबीर, भजी, कुरडया-पापड, मसालेभात, खीर हा ठरलेला बेत. तो बदलायला सासूबाई तयार नाहीत. नणंदेसाठी ज्वारीची भाकरी टाकीन आणि भाचीला कोशिंबीर वाढणार नाही. एवढं पुरे ना? लवकर सांगा, उद्या सकाळी वाणसामान आणायचंय. 'डॉक्टरांना विचारा' सोडून बोला.

पेठेतला
गहू बंद म्हणजे नक्की काय? सिलिअ‍ॅक (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार), गव्हाची अ‍ॅलर्जी की वजन उतरवायला सोडलाय? सिलिअ‍ॅक असेल तर गहू, जव (बार्ली) आणि राय (rye हे धान्य) तिन्ही आयुष्यभर बंद, आणि पिठाचा कणही मोजावा लागतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर जव कदाचित चालेल, पण गव्हाने लगेच रिअ‍ॅक्शन येऊ शकते. वजनासाठी असेल तर भाकरी टाका आणि निवांत राहा.
भाचीचंही अर्धवट लिहिलंय. वय किती? दाणे खाल्ले की काय होतं? काजू-बदाम चालतात का? तीळ?
आणि खीर कसली?

उपासाची_थाळी
एवढा विचार कशाला? सगळा बेत उपासाचा करा. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची पुरी. गव्हाचा प्रश्नच मिटला.

पेठेतला
दाण्याची आमटी. दाणे न चालणाऱ्या मुलीला. धागा वाचता का हो?

उपासाची_थाळी
तिला आमटी वाढू नका ना मग. खिचडीत कूट कमी घाला.

देशी_वाण
ताई, साधा गहू बंद असेल तर खपली वापरा. खपलीत ग्लुटेन नावापुरतं असतं, पचायला हलकी, मधुमेहींनाही चालते. पुरणपोळीही होते, फक्त कणीक जास्त वेळ मुरवायची. भुसार बाजारात सहज मिळेल.

सूक्ष्मदर्शी
सिलिअ‍ॅक असेल तर खपली अजिबात नाही. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. 'हलका' हे पोट फुगण्याबद्दल झालं. सिलिअ‍ॅकमध्ये लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि ती पोट दुखलं नाही तरी होते. म्हणूनच 'खाऊन बघितलं, काही झालं नाही' हा पुरावा धरत नाहीत.
आकडा देतो. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर आपल्याकडे एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम. सिलिअ‍ॅकच्या माणसाने दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं धरतात. एका पोळीत २५ ग्रॅम कणीक धरली तर ग्लुटेन २ ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या दोनशे पट. यात खपली किती 'कमी' असून भागेल?

देशी_वाण
सरसकट सगळ्यांना सिलिअ‍ॅक ठरवू नका. त्यांनी अजून सांगितलंही नाही.

ओटा_आवरा
अहो, सिलिअ‍ॅकच आहे. रक्ततपासणी आणि दुर्बिणीची तपासणी दोन्ही झालंय. गहू बंद म्हटलं म्हणजे कळेल असं वाटलं.
भाची ६ वर्षांची. मागे चिक्कीचा तुकडा तोंडात गेला तर अंगभर पित्त उठलं, उलट्या झाल्या, रात्री दवाखान्यात ठेवलं. काजू-बदाम, तीळ, खोबरं रोज खाते, चालतं. खीर गव्हल्यांची.
आता नेमकं सांगा, निबंध नको.

सूक्ष्मदर्शी
गव्हले म्हणजे गहू. खीर बाद. तांदळाची करा, तांदूळ तुपावर परतून भरड वाटून.
भाकरीसुद्धा तुम्हाला वाटते तितकी सोपी नाही. ज्वारी गिरणीत दळली की आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्याच्या पाळ्यांत आणि खालच्या पिशवीत उरलेला असतो, तो तुमच्या पिठात येतो. 'आधी किलोभर ज्वारी दळून ती टाकून द्या' असं सांगणारे भेटतील. त्याने प्रमाण कमी होतं, पण किती कमी झालं ते कोणी मोजत नाही. बेसनाचंही तेच, सुट्टं बेसन तर मुळीच आणू नका.

घरघंटी
यावर उपाय एकच, घरी घरघंटी घ्या. स्टीलची, वेगवेगळ्या जाळ्या येतात. गहू बाहेरून दळून आणायचा, घरघंटीत फक्त ज्वारी-तांदूळ-डाळी. ताशी सात-आठ किलो पडतं.

पेठेतला
परवाच्या जेवणाला उद्या घरघंटी? बरं.

पळी_पंचपात्री
पीठ लागतंच कुठे? सरळ पुरणाचे मोदक करा, पिठाशिवाय. अख्खा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी ४ तास भिजवा, मिक्सरवर गंधासारखा बारीक वाटा. एक वाटी तांदळाला भिजल्यावरचं धरून सव्वा वाटीपर्यंत पाणी, एक चमचा तूप, चिमूट मीठ. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, कडा सोडून गोळा झाला की झाकून २ मिनिटं वाफ. गरम असतानाच तुपाच्या हाताने मळा. इंद्रायणी चिकट असते, पाणी दोन चमचे कमीच घ्या, नाहीतर पारी हाताला लागते. वाफवायला १० ते १२ मिनिटं.
पुरण घट्ट हवं, उलथनं उभं राहील इतकं. सैल असलं की पारी खालून फुटते. पुरणयंत्रातून काढल्यावर मोदकापुरतं पुन्हा ५ मिनिटं आटवा. नणंदेच्या पानात पोळीच्या जागी दोन मोदक आणि वर तूप. ताट रिकामं दिसत नाही, नैवेद्यालाही चालतं. सासूबाईंना 'बेत बदलला' असं न म्हणता 'मोदकही केले' असं म्हणा.

सूक्ष्मदर्शी
+१. फक्त पुरण आधी. कणीक चाळून मळायला घेण्याआधी पुरण, कट, मोदक, भात, सगळं करून झाकून ठेवा. कणीक चाळताना उडालेलं पीठ हवेत बराच वेळ तरंगतं आणि उघड्या पातेल्यांत बसतं. पोळ्या शेवटी, शक्यतो दुसऱ्या खोलीत. लाकडी पोळपाट-लाटणं, कणकेची चाळणी आणि कणीक मळायची परात तिच्या पदार्थांना लावू नका. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत बसलेलं पीठ धुऊन निघत नाही. स्टील-काच साबणाने घासली की झालं.
आता हिंग. डबीतला हिंग बहुतेक वेळा बांधणी हिंग असतो, म्हणजे हिंगाचा अर्क, डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. डबीच्या मागे घटक वाचा. गहू किंवा मैदा दिसला तर कटाच्या आमटीला आणि अळूला बिनहिंगाची फोडणी द्या. पापडातही हिंग असतो, घटक बघून घ्या.

चिरेबंदी
खड्याचा हिंग घ्या की मग. तो शुद्धच असतो.

सूक्ष्मदर्शी
खडा म्हणून जे विकतात त्यातही पीठ मळलेलं असू शकतं. हिंगाशिवाय एक दिवस आमटी होते हो.

चिरेबंदी
कटाची आमटी बिनहिंगाची! आणि हरभरा डाळीने १८ जणांची पोटं धरली तर?

पळी_पंचपात्री
ओवा-जिरं वाढवा. किंवा नणंदेपुरती आमटी वाटीत काढून झाकून ठेवा आणि उरलेल्या पातेल्यावर हिंगाची फोडणी वरून घाला. भांडण संपलं.

काटा_चमचा
कुरडई विसरलात सगळे. ती गव्हाच्या चिकाची. त्याच तेलात भजी आणि पापड तळले की तेही गेले. क्रम असा: नव्या तेलात आधी भजी, मग पापड, कुरडया सगळ्यांत शेवटी. झारा आणि खाली टिपायचा कागदसुद्धा वेगळा. भज्यांचं पीठ घरी: हरभरा डाळ धुऊन, कपड्यावर खडखडीत वाळवून, कोरड्या मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, मलमलच्या कपड्यातून गाळा. उद्या ऊन नसेल तर डाळ कढईत नुसती कोरडी करून घ्या, भाजू नका.
आणि कोणी कौतुकाने मेतकूट किंवा थालीपिठाची भाजणी पुढे करेल. दोन्हींत बहुधा गहू असतो.

तेलबिया
सगळे गव्हामागे लागलात. घाईची रिअ‍ॅक्शन भाचीची आहे. तेल कुठलं वापरता?

ओटा_आवरा
लाकडी घाण्याचं. शेंगदाण्याचं. पण तेलाने काय होणार, दाणे थोडेच आहेत त्यात?

तेलबिया
आहेत. घाण्याचं आणि फिल्टर तेल नुसतं गाळलेलं असतं, दाण्याची प्रथिनं त्यात राहतात, आणि अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते. पूर्ण रिफाइंड तेलातून ती जवळपास सगळी निघून जातात, पण ६ वर्षांच्या मुलीवर तो प्रयोग नको. परवा सगळा स्वयंपाक सूर्यफूल रिफाइंड किंवा तुपात. जुन्या किटलीत, तळणीच्या कढईत आणि तेलाच्या पळीत घाण्याचं तेल असतंच, तीही बदला.
तुमच्या बेतात दाणे कोशिंबिरीतच नाहीत. अळूच्या फतफत्यात दाणे, पंचामृतात कूट. तिघांतूनही सगळ्यांसाठीच काढून टाका, 'तिला वाढायचं नाही' यावर विसंबू नका. फतफत्याला हरभरा डाळ, खोबऱ्याचे काप आणि काजू पुरतात. पंचामृताला भाजलेल्या तिळाचं कूट थोडं वाढवा आणि सुकं खोबरं. कोशिंबिरीला ओला नारळ आणि तुपाची फोडणी.
मिक्सर: कुटाच्या भांड्याच्या झाकणाची रबरी चकती आणि पात्याखालची खाच बोटाने चाचपून बघा, तेलकट चुरा हाताला लागेल. ते भांडं बाजूला ठेवा, मोदकाचा तांदूळ आणि तिळाचं कूट दुसऱ्या भांड्यात.

चिरेबंदी
आता शेंगदाण्याचं तेलही वाईट? घाण्याचं तेल आणणं हा आपल्याकडे चांगल्या घराचा मान. रिफाइंड म्हणजे रसायन. लहान मुलांना थोडं थोडं दिलं की सवय होते, ही सगळी फ्लॅटमधल्या स्वच्छतेची देणगी.

तेलबिया
तेल कोणाला वाईट म्हटलं? तुम्ही खा. 'थोडं थोडं' ही खरी उपचारपद्धत आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून मापून, महिनोन्‌महिने चालते. पंगतीत नव्हे.

दूधवाला
दूध चालत नसेल तर बासुंदीऐवजी नारळाच्या दुधाची करा. आणि तुपातही दुधाची प्रथिनं अंशमात्र असतात, दुधाची अ‍ॅलर्जी आणि लॅक्टोज न पचणं यांत लोक गल्लत करतात.

पेठेतला
बासुंदी कोणी विचारली? दूध दोघींना चालतं.

शंभर_आठ
भाचीबद्दल मुख्य गोष्ट राहिली. औषध कोण आणणार? पुरळ आणि उलट्या एकत्र आल्या, म्हणजे शरीराच्या दोन यंत्रणा, ही साधी 'पित्त उठलं' केस नाही. तिच्या आईवडिलांना आज फोन करा: डॉक्टरांनी लिहून दिलेली कृतियोजना आहे का, अ‍ॅड्रिनलिन (गंभीर अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) सोबत असतं का आणि ते द्यायला कोणाला येतं. त्याचं तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, बरेच जण अँप्यूल (औषधाची कुपी) आणि वजनानुसार आखलेली सिरिंज बाळगतात. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. सेटिरिझिनच्या गोळीने खाज कमी होते, श्वासनलिकेची सूज आणि पडणारं बीपी त्याने थांबत नाही. श्वासात घरघर, आवाज बसणं, सारख्या उलट्या, गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर अ‍ॅड्रिनलिन आधी, लगेच १०८. मुलीला आडवं करा, पाय वर. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या, काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात. विसर्जनाच्या दिवसांत रस्ते बंद असतात, जवळचं चोवीस तास चालू रुग्णालय आणि तिथे जायची मोकळी वाट आधी बघून ठेवा.
हात: सॅनिटायझरने दाण्याची प्रथिनं जात नाहीत. साबण-पाणी किंवा ओला रुमाल.

काटा_चमचा
वाढण्याचं बघा. पंगतीत वाढपी पोळीच्या चुऱ्यावर डाव टेकवतो, तोच डाव भाजीच्या पातेल्यात जातो. दोघींची पानं आधी वेगळ्या डब्यांतून वाढा, डब्यांवर चिकटपट्टी लावून नाव लिहा, त्यांचं दुसरं वाढणंही त्याच डब्यांतून. पाहुणे चिवडा, लाडू, चिक्कीचे पुडे आणतात, ते आल्या आल्या उंच फडताळात. ६ वर्षांची मुलगी टीपॉयवरच्या बशीत हात घालणारच.

देशी_वाण
खपलीच्या विषयावर वेगळा धागा काढतोय, इच्छुकांनी तिकडे यावं.

ओटा_आवरा
सासूबाईंना वाचून दाखवलं. तेल बदलायला तयार, हिंगावर अजून घोडं अडलंय. अंतिम बेत: बाकीच्यांना पुरणपोळी, नणंदेला पुरणाचे मोदक. आमटी तिच्यापुरती आधी काढून. अळू-पंचामृत-कोशिंबीर बिनदाण्याची सगळ्यांना. घरच्या डाळीची भजी, पापड, मग कुरडया. तांदळाची खीर. मसालेभात नेहमीसारखा. भाकरी रद्द. आईवडील औषध आणणार आहेत, विचारलं. झालं ना?

सूक्ष्मदर्शी
मसालेभात 'नेहमीसारखा' म्हणजे गोडा मसाला. तो घरचा असो की विकतचा, त्यात हिंग असतो, आणि कांडपाच्या यंत्रात आधी काय कुटलं होतं ते तुम्हाला माहीत नाही. भातावर वरून काजूऐवजी दाणे पेरता का?

ओटा_आवरा
दाणे पेरतो. बरं. मग मसाला कसला घालू?

पळी_पंचपात्री
अख्खे धणे, जिरं, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चमचाभर तीळ, दोन चमचे सुकं खोबरं. खोबरं-तीळ शेवटी टाकून कोरडंच भाजा, नव्या भांड्यात वाटा. पाव किलो तांदळाला हे अडीच चमचे. दगडफूल असेल तर पाकळीभर, नसलं तरी अडत नाही. वरून काजू आणि ओला नारळ. १८ पानांचा सगळाच भात याने करा, दोन पातेली लावत बसू नका.

चिरेबंदी
दगडफुलाशिवाय मसालेभात म्हणजे पुलाव झाला.