परतावा खात्यात जमा होत असूनही कॅनडातला कार्बन कर का टिकला नाही?

धागालेखक: ओंटारिओकर

नमस्कार. कॅनडाच्या केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणला. त्या वेळचा निवडणुकीचा धुरळा आता खाली बसला असल्यामुळे हा विषय शांतपणे चर्चेला घेता येईल असे वाटते.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जस्टिन ट्रूडो यांच्या लिबरल सरकारने २०१८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी कार्बन आकारणी नव्हती तेथे एप्रिल २०१९ पासून पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू इत्यादी इंधनांवर केंद्राचा आकार लागू झाला. सुरुवातीचा दर कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० डॉलर होता. तो २०२४ मध्ये ८० डॉलरवर पोचला आणि २०३० पर्यंत १७० वर न्यायचा होता. २०२४ च्या दराने पेट्रोलमागे लिटरला १७.६१ सेंट, म्हणजे ५० लिटरची टाकी भरली की सुमारे ८ डॉलर ८० सेंट जात. जमा रकमेपैकी सुमारे ९० टक्के रक्कम त्याच प्रांतातल्या कुटुंबांना परत दिली जाई, आणि तीही प्रत्येकाने किती इंधन जाळले हे न पाहता. ओंटारिओत चौघांच्या कुटुंबाला २०२४-२५ मध्ये तिमाहीला २८० डॉलर मिळत होते. गाडी कमी चालवणाऱ्या, लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाला यात सरळ फायदा होता.

पाठ्यपुस्तकात शोभावी अशी ही रचना होती. मार्च २०२४ मध्ये दोनशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी तिच्या बाजूने जाहीर पत्रही काढले होते. तरीही 'ॲक्स द टॅक्स' (कर हटवा) ही घोषणा देत विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह यांनी देशभर रान उठवले, आणि अखेर कर काढला तो त्यांनी नव्हे, तर लिबरल पक्षाच्याच मार्क कार्नी यांनी, १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी. माझा प्रश्न असा, की दोष रचनेत होता, प्रचारात होता, की लोकांच्या खिशाला प्रत्यक्ष हात घालणारे हवामान धोरण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मान्य होणे मुळातच अशक्य आहे?

प्रतिसाद १: प्रशांतकिनारा

अशक्य म्हणता येणार नाही, कारण पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ते बरीच वर्षे शक्य झाले होते. तेथे कार्बन कर १ जुलै २००८ रोजी आला आणि तो आणणारे गॉर्डन कॅम्बेल हे उजवीकडे झुकलेल्या सरकारचे प्रमुख होते. दर टनाला १० डॉलरपासून दरवर्षी पाच-पाच डॉलरने वाढत २०१२ मध्ये ३० डॉलरवर गेला. कॅम्बेल यांनी उद्योजकांना आणि मध्यमवर्गाला सांगितले की कार्बन करातून येणारा प्रत्येक डॉलर आम्ही प्राप्तिकर आणि कंपनीकर कमी करण्यासाठी वापरू. याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळात मांडणे बंधनकारक होते, आणि तो जमला नाही तर अर्थमंत्र्यांच्याच वेतनाला कात्री लावण्याची तरतूद कायद्यात होती. ज्यांना कर या शब्दानेच कपाळावर आठ्या पडतात अशा मतदारांना पटेल असे ते आश्वासन होते.

गंमत अशी की 'ॲक्स द टॅक्स' ही घोषणा तेथे प्रथम डाव्या बाजूने दिली. २००९ च्या प्रांतिक निवडणुकीत एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या डावीकडे झुकलेल्या पक्षाने कर रद्द करण्याचे वचन दिले आणि ती निवडणूक ते हरले. पुढे २०१७ मध्ये त्याच पक्षाचे सरकार आले. त्यांनी कर ठेवला, वाढवला, पण 'जेवढा कर तेवढी करकपात' ही अट काढून टाकली, म्हणजे वाढीव पैसा सरकारी खर्चाकडे वळू शकला. शेवटी २०२५ मध्ये केंद्रापाठोपाठ कर रद्दही त्यांनीच केला. ती अट गेली तेव्हाच उजव्या बाजूच्या मतदाराला या व्यवहारात उरलेले कारण संपले, असे माझे मत आहे. एका बाजूने कष्टाने केलेली देवाणघेवाण दुसऱ्या बाजूने सत्तेवर आल्यावर गृहीत धरली, की ती फार काळ टिकत नाही.

प्रतिसाद २: फूटहिल्स

मी अल्बर्टात हिशेबनिसाचे काम करतो, त्यामुळे हा कर मला लोकांच्या कागदांतून दिसला. परतावा मिळतो हे लोकांना कळलेच नाही, असे अनेक विद्वान सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. सुरुवातीची काही वर्षे परतावा प्राप्तिकराच्या विवरणपत्रातच वळता होत असे. म्हणजे देणे बाकी असेल तर ते तेवढे कमी होई, हाती काही येत नसे. जुलै २०२२ पासून तिमाही रक्कम थेट खात्यात येऊ लागली, तर बँकेच्या पासबुकावर तिचे नाव इतके मोघम असे की ती कसली रक्कम आहे हे मलाच लोकांना सांगावे लागे. बँकांनी स्पष्ट नाव लिहावे म्हणून सरकारला २०२४ मध्ये कायद्याची भाषा करावी लागली. खर्च मात्र दर आठवड्याला पंपावर दिसत होता. ओंटारिओतल्या डग फोर्ड यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने तर २०१९ मध्ये प्रत्येक पंपावर या कराचे स्टिकर लावणे सक्तीचे केले होते. ते निकृष्ट डिंकामुळे सोलून पडू लागले आणि २०२० मध्ये न्यायालयाने ती सक्तीच घटनाबाह्य ठरवली, हा भाग वेगळा.

तरीही सगळे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडणे मला मान्य नाही. अल्बर्टात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,८०० डॉलर मिळत होते आणि येथील पुष्कळ लोकांना तो आकडा नेमका ठाऊक होता. त्यांचा आक्षेप न्यायाचा होता. पहिले असे, की लहान व्यवसायांच्या वाट्याचा परतावा २०१९ पासून सरकारकडेच साचत राहिला आणि ती अडीच अब्ज डॉलरहून मोठी रक्कम २०२४ च्या अखेरीस वाटली गेली. पाच वर्षे भट्टीचे वायुबिल भरणाऱ्या बेकरीवाल्याला 'तुम्हाला ९० टक्के परत मिळतात' हे वाक्य ऐकून काय वाटत असेल याची कल्पना करा. ते ९० टक्के कुटुंबांचे होते, त्याच्या दुकानाचे नव्हते. दुसरे असे, की कार्बन आकारावर पुन्हा विक्रीकर लागत असे आणि तो या परताव्याच्या हिशेबात धरलेला नव्हता.

तिसरे कारण सर्वांत मोठे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्रूडो यांनी घर तापवण्याच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी स्थगित केला. हे तेल वापरणारी घरे प्रामुख्याने अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत आहेत, जेथे लिबरल खासदार बहुसंख्य होते. आमच्याकडे घरे नैसर्गिक वायूवर तापतात; वायू तेलापेक्षा कमी कार्बन सोडतो, आणि उणे तीस अंशांच्या थंडीत भट्टी बंद ठेवण्याची सोय कोणालाच नसते. म्हणजे अधिक प्रदूषक इंधनाला सूट आणि कमी प्रदूषकाला कर. शेजारच्या सस्कॅचेवानने १ जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरचा कर वसूल करणेच थांबवले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा वैध ठरवला होता, पण न्यायालय कायद्याला वैधता देते, विश्वास देऊ शकत नाही. 'सर्वांना एकच किंमत' हे ज्या धोरणाचे एकमेव नैतिक बळ होते, त्यात सरकारनेच भगदाड पाडले.

प्रतिसाद ३: अर्थचर्चा

पुण्यात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना मी हे उदाहरण वर्गात घेतो, म्हणून एक-दोन गोष्टींची भर घालतो. कार्बनची किंमत लावण्याचा युक्तिवाद असा, की उत्सर्जन कोठे स्वस्तात कमी करता येईल हे सरकारला ठाऊक नसते. ते ज्याचे त्याला ठाऊक असते. किंमत वाढली की कोणी घराला चांगले आवरण घालेल, कोणी पुढची गाडी लहान घेईल, कोणी काहीच करणार नाही आणि पैसे भरेल. परताव्यामुळे हा संकेत बोथट होत नाही, कारण तो वापरावर अवलंबून नाही. अडचण अशी की याच गुणामुळे कर भरणे आणि परतावा मिळणे यांचा लोकांच्या मनात संबंध जुळत नाही. कॅनडा आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांत परतावा दिल्याने कराला पाठिंबा फारसा वाढला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, आणि किती मिळाले ते सांगितल्यावरही पक्षनिष्ठेपुढे त्याचा विशेष उपयोग झाला नाही.

महागाईबद्दलचा वाद तर अगदीच अवाजवी होता. बँक ऑफ कॅनडाच्या गव्हर्नरांनी दिलेला अंदाज असा, की कराच्या वार्षिक वाढीचा महागाईच्या दरावर परिणाम सुमारे ०.१५ टक्केबिंदू होता. पण ज्या वर्षांत किराणा आणि घरभाडे कडाडले त्याच वर्षांत दर १ एप्रिलला हा एक आकडा जाहीरपणे वाढत होता, आणि रागाला कोणता तरी पत्ता हवाच असतो. त्यात संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने भर घातली. नुसता कर आणि परतावा पाहिला तर बहुतांश कुटुंबे फायद्यात, पण रोजगार व उत्पन्नावरचा परिणाम धरला तर तोट्यात, असे त्यांचे अहवाल सांगत होते. विरोधकांनी दुसरा आकडा उचलला, सरकारने पहिला. मग एप्रिल २०२४ मध्ये त्या कार्यालयाने मान्य केले की दुसऱ्या हिशेबात उद्योगांवरच्या वेगळ्या आकारणीचा परिणामही चुकून मिसळला होता. ऑक्टोबरमधल्या सुधारित अहवालात तोटा बराच खाली आला, परंतु तोवर जुना आकडा घराघरांत पोचला होता. शिवाय हवामान बदलामुळे होणारे नुकसान टळले तर त्याचे मूल्य किती, हे त्या हिशेबात धरलेलेच नव्हते.

भारताशी तुलना करायची तर २०१० पासून आपल्याकडे कोळशावर टनाला ५० रुपये उपकर होता, तो २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. त्याविरुद्ध कोठे मोर्चा निघाल्याचे आठवत नाही, कारण तो वीजबिलाच्या पोटात दडलेला होता. परंतु तो कोणाचा लाभ म्हणूनही दिसत नव्हता, त्यामुळे २०१७ मध्ये त्याचा पैसा स्वच्छ ऊर्जेऐवजी जीएसटीच्या नुकसानभरपाईकडे वळला तेव्हाही कोणी हरकत घेतली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला, तेव्हा चर्चा झाली ती व्यापारी पानावर.

धागालेखक: ओंटारिओकर

सर्वांचे आभार. फूटहिल्स यांचा न्यायाचा मुद्दा माझ्या लक्षात इतक्या स्पष्टपणे आला नव्हता. परंतु मग एक उपप्रश्न उरतो. उद्योगांवरची कार्बन आकारणी अजून चालू आहे, आणि तिच्याविरुद्ध गावोगावी सभा झालेल्या नाहीत. जे दिसत नाही तेच टिकते, असाच निष्कर्ष काढायचा का? तसे असेल तर लोकशाहीच्या दृष्टीने मला ते जरा अस्वस्थ करणारे वाटते.

प्रतिसाद ४: फूटहिल्स

'दिसत नाही' हे अर्धेच उत्तर आहे. क्वेबेकची उत्सर्जन परवान्यांची बाजारपेठ २०१४ पासून कॅलिफोर्नियाशी जोडलेली आहे. तिचा भार पेट्रोलच्या भावात मिसळून जातो आणि सरकारे बदलूनही ती शाबूत आहे, हे तुमच्या बाजूचे उदाहरण झाले. ओंटारिओही त्याच बाजारात होता, आणि २०१८ मध्ये फोर्ड सरकारने सत्तेवर येताच तो मोडला. म्हणजे न दिसणारी गोष्टही मोडता येते, जर तिचे राखणदार तयार झाले नसतील तर.

अल्बर्टाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मोठ्या उद्योगांवर कार्बनची किंमत लावणारे उत्तर अमेरिकेतले पहिले सरकार आमचे, २००७ मध्ये, आणि तेही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. एका ठराविक मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन करणाऱ्या कारखान्याने टनाला १५ डॉलर भरायचे, त्याहून कमी करणाऱ्याला त्या बचतीचे श्रेयांक मिळायचे आणि ते त्याने इतरांना विकायचे, अशी ती योजना होती. संपूर्ण उत्सर्जनावर कर नसल्यामुळे कारखाना स्थलांतरित होण्याची भीती कमी, आणि शेवटच्या टनावर मात्र पूर्ण किंमत. जमलेला पैसा प्रांतातच, तंत्रज्ञानाच्या निधीत गेला. त्यामुळे ज्यांनी सुधारणांवर खर्च करून श्रेयांक कमावले त्या कंपन्यांनाच ही व्यवस्था टिकावी असे वाटते, आणि त्या कंपन्यांचे फोन कॉन्झर्व्हेटिव्ह मंत्री उचलतात. सामान्य कुटुंबांच्या परताव्याच्या बाजूने असा फोन करणारे कोणीच नव्हते.

याचा अर्थ सगळे सुरळीत आहे असा नाही. मे २०२५ मध्ये प्रांताने दर ९५ डॉलरवर गोठवला, आणि श्रेयांक मुबलक झाल्याने बाजारात ते त्याहून फारच स्वस्त विकले जात होते; छापील दर काहीही असला तरी गुंतवणूकदार पाहतो तो बाजारभाव. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅल्गरीत कार्नी आणि अल्बर्टाच्या प्रीमियर (प्रांताच्या मुख्यमंत्री) डॅनिएल स्मिथ यांनी जो सामंजस्य करार केला, त्यात औद्योगिक कार्बनची प्रत्यक्ष किंमत १३० डॉलरपर्यंत नेण्याचे अल्बर्टाने मान्य केले, आणि त्या बदल्यात पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या तेलवाहिनीला केंद्राने अनुकूलता दाखवली. त्याच दिवशी पर्यावरणवादी पार्श्वभूमीचे मंत्री स्टीव्हन गिलबो यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

प्रतिसाद ५: प्रशांतकिनारा

त्या करारावर आमच्या किनाऱ्यावरची प्रतिक्रिया अर्थातच वेगळी आहे, कारण वाहिनी येणार ती आमच्या प्रांतातून, आणि करार करताना मेजावर आमचा प्रांत नव्हता, ना किनाऱ्यावरची आदिवासी राष्ट्रे. तरीही फूटहिल्स यांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे. दोन्ही बाजूंना एकच ध्येय पटलेले नसतानाही हा व्यवहार झाला आहे; एकाला वाहिनी हवी होती, दुसऱ्याला कार्बनचा भाव. माझी शंका क्रमाची आहे. भाव आधी वाढून बाजारात दिसला, तर वाहिनीच्या परवानगीला काही अर्थ राहील. परवानगी आधी मिळाली आणि भाव पुढच्या बैठकीवर गेला, तर २०१७ नंतर ब्रिटिश कोलंबियात झाले त्याचीच ही उलट बाजूने आवृत्ती ठरेल.