टीबो फेल गेला की त्याला नीट चान्सच दिला नाही?

रविवारचा_रिकामा: एकदा होऊनच जाऊ दे. टिम टीबो, अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू), फ्लोरिडा युनिव्हर्सिटीकडून खेळताना सेकंड इयरलाच हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते; २००७, त्याआधी सेकंड इयरच्या कुठल्याच पोराला मिळाली नव्हती), शिवाय दोन नॅशनल टायटल्स. २०११ ला एनएफएल या प्रोफेशनल लीगमध्ये डेन्व्हर १-४ (एक जिंकली, चार हरल्या) असं मार खात होतं, याला आणला आणि ११ पैकी ७ जिंकून टीम प्लेऑफमध्ये. तिथे पिट्सबर्गला ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेवर ८० यार्डांचा टचडाउन पास (पकडून थेट गोलरेषेपार) टाकून घरी पाठवलं. आणि अडीच महिन्यांत याचीच न्यूयॉर्क जेट्सकडे रवानगी! जिंकणारा क्वार्टरबॅक कोण विकतं राव?

पॉकेटमधला: पेटन मॅनिंगसारखा दिग्गज क्वार्टरबॅक हाताशी येत असेल तर कोणीही विकेल. त्या सीझनला याचे ४६.५ टक्के पास पोचले, कॅन्सस सिटीविरुद्ध अख्ख्या मॅचमध्ये दोन, हो दोनच. जिंकवलं व्हॉन मिलरच्या डिफेन्सने, आणि शिकागोविरुद्ध किकर प्रेटरने ५९ यार्डांची किक मारली नसती तर तीही गेलीच होती.

रविवारचा_रिकामा: मग याच्या आधीचा क्वार्टरबॅक ऑर्टन असताना तोच डिफेन्स झोपला होता का?

मधली_फळी: दोघंही मूळ मुद्दा सोडताय. कॉलेजात कोच अर्बन मायरच्या स्प्रेडमध्ये (खेळाडू मैदानभर पसरवून खेळायची पद्धत) पास पकडणारे रिसीव्हर मोकळे सापडायचे, नाही सापडले तर हा स्वतःच अंगावर घेऊन घुसायचा, तिथे चालून गेलं. एनएफएलमध्ये याचा हात खाली जाऊन मागून वर येईपर्यंत समोरचे चार पावलं पुढे. डेन्व्हरने निदान त्याच्यासाठी ऑप्शनवाला खेळ (बॉल स्वतः घेऊन पळायचं की दुसऱ्याला द्यायचं हे क्वार्टरबॅकने आयत्या वेळी ठरवायचं) तरी बसवला, जेट्सने काय केलं, तर पंटच्या (बॉल लांब किक मारून समोरच्यांना देण्याच्या) वेळी ब्लॉकिंगला उभा केला! अख्ख्या २०१२ मध्ये आठ पास. हा मात्र खरंच अन्याय.

पॉकेटमधला: अन्याय कसला. २०१३ ला पेट्रियट्सनी आणि २०१५ ला ईगल्सनी कॅम्पला बोलावून बघितलं की, दोघांनीही सीझनआधी नारळ दिला. क्वार्टरबॅकच होणार हा हट्ट नडला त्याला. टाइट एंड (ब्लॉकिंगही करणारा आणि पासही पकडणारा खेळाडू) व्हायला तयार झाला तो २०२१ ला, चौतिशीत, तेव्हा मायरच जॅक्सनव्हिलचा कोच होता तरी टिकला नाही.

रविवारचा_रिकामा: बरं, पण पिट्सबर्गचा त्या वर्षी लीगमधला नंबर एक डिफेन्स होता आणि त्यांच्याविरुद्ध ३१६ यार्ड फेकले यानेच. ते पण नशीब का?

पॉकेटमधला: आणि पुढच्याच आठवड्यात पेट्रियट्सनी ४५-१० धुतलं, ते बरं सोयीस्कर विसरतोस.